कोपऱ्यांतील गड्याची परीक्षा

आपल्या प्रांतांत हुतूतूचें, म्हणजे आजच्या भाषेंत कबड्डीचें, मैदान ज्यानें पाहिलें नाहीं असा मुलगा सांपडणें कठीण. देहूसारख्या गांवीं तर चुन्याच्या चार रेघा ओढल्या कीं मधल्या सुटींत दोन संघ उभे राहतात. तरी हा खेळ पाहतांना बहुतेकांची दृष्टि चढाई करणाऱ्यावर खिळलेली असते. तो एकटा शत्रूच्या अंगणांत शिरतो, दोघांस शिवून परत येतो, आणि टाळ्या त्याला मिळतात. समोर जे सात जण उभे असतात त्यांपैकीं कोण काय करीत होता हें सामना संपल्यावर विचारलें, तर दहांपैकीं नऊ प्रेक्षकांस सांगतां यावयाचें नाहीं. त्या सातांतील एकाविषयीं, विशेषतः कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याविषयीं, चार शब्द लिहिण्याचा आमचा विचार आहे. आणि तेंही एका प्रश्नापुरतेंच. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पुढें चांगला बचावपटू होईल कीं नाहीं, हें आज कशावरून ओळखावें?

हा प्रश्न आतां केवळ मैदानावरच्या गप्पांचा राहिलेला नाहीं. पूर्वीं कबड्डींत नांव काढणाऱ्या मुलास फार तर मुंबईच्या महिंद्र, एअर इंडिया किंवा भारत पेट्रोलियम अशा आस्थापनांच्या संघांत जागा मिळे आणि खेळाबरोबर नोकरीचीही सोय होई. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली व गड्यांचे जाहीर लिलाव होऊं लागले. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईस जो लिलाव झाला त्यांत पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या तेवीस वर्षांच्या गड्यासाठीं २ कोटी ३५ लक्ष रुपये मोजले. त्याच लिलावांत पवन सेहरावत या चढाईपटूस २ कोटी ६० लक्ष ५० हजार मिळाले. पकड करणाऱ्याचें मोल चढाई करणाऱ्याच्या इतकें जवळ यावें, ही गोष्ट जुन्या क्रीडाप्रेमींस नवलाची वाटली असेल.

परंतु हे भाव सिद्ध झालेल्या गड्यांचे. ज्याचें नांव अद्याप कोणास ठाऊक नाहीं अशा मुलास संघ लिलावाच्या आधींच निवडचांचणी घेऊन आपल्याकडे ओढतात. त्यांच्यासाठीं ‘न्यू यंग प्लेयर’ असा एक वर्गच ठेवलेला आहे. खरी परीक्षा तेथें आहे, आणि ती मुलाची जितकी तितकीच परीक्षकाचीही. चाकण, तळवडें, देहूरोड या पट्ट्यांत कारखान्यांत राबणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या मुलास अशा चांचणीचें बोलावणें आलें, तर घरीं काय होतें याची कल्पना आमच्या वाचकांस सहज येईल. बारावीचें वर्ष सोडावें काय? आयटीआयची जागा हातची घालवावी काय? देहूहून बालेवाडीचें क्रीडासंकुल मोटारीनें तासाभराच्या अंतरावर आहे. परंतु त्या तासाभराच्या वाटेवर पुष्कळ मुलांचें शिक्षण मागें राहतें. म्हणून निवड करणाऱ्यानें, आणि त्याहूनही अधिक मुलाच्या गुरुजनांनीं, काय पाहावयाचें हें नीट समजून घेतलें पाहिजे.

परीक्षकाची पहिली चूक होते ती शरीर पाहून. याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या खेळांत नाहीं, तें बास्केटबॉलमध्यें आहे. हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वायएमसीएच्या शाळेंत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें निर्माण केला. आज तेथील धंदेवाईक संघ दरवर्षीं नवे तरुण गडी क्रमानें निवडून घेतात. कडें जमिनीपासून दहा फूट उंच असल्यामुळें ताडमाड मुलाकडे सर्वांचें लक्ष जातें व ‘हा कड्याखालीं उभा राहिला कीं कोणी आंत येणार नाहीं’ असें भाकीत केलें जातें. २००९ सालीं टांझानियाच्या हशीम थाबीत या ७ फूट ३ इंच उंचीच्या तरुणास दुसऱ्या क्रमांकावर निवडलें. कांहीं वर्षांतच तो त्या लीगमधून दिसेनासा झाला. उलट १९९६ सालीं बेन वॉलेस यास कोणीच निवडलें नाहीं, कारण कड्याखालच्या गड्यास तो ठेंगणा वाटला. पुढें चार वेळां वर्षांतील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्यास मिळाला. रूडी गोबेअर हा २०१३ सालीं सत्ताविसावा निवडला गेला, त्यानेंही तो मान चार वेळां मिळविला. आपल्या देशांतून २०१५ सालीं सतनामसिंग या पंजाबच्या सात फूट दोन इंचांच्या मुलाची बावन्नाव्या क्रमांकावर निवड झाली तेव्हां सर्वत्र आनंद झाला. परंतु मुख्य लीगचा एकही सामना त्याच्या वांट्यास आला नाहीं. उंची टेपानें मोजतां येते. एका बाजूचा गडी चुकल्यावर दुसऱ्या बाजूनें धांवून जाण्याची बुद्धि टेपानें मोजतां येत नाहीं, आणि बचाव म्हणजे मुख्यतः तीच बुद्धि.

कबड्डींत वजनाची मर्यादा घातलेली असल्यामुळें ही चूक होणार नाहीं असें वाटेल. ती होते, मात्र निराळ्या वेषांत. आमच्या वर्गांतून पाहावें: कोणाला चौदाव्या वर्षीं मिसरूड फुटतें, कोणाला सतराव्या. किशोर गटांत ज्याची वाढ लौकर झालेली असते तो मुलगा केवळ बाहुबळावर पकडी करतो. समोरचा पोरसवदा चढाईपटू त्याच्या कवेंत आला कीं खेळ संपला. पाय कोठें ठेवावा, डोकें कोणत्या बाजूस असावें, हें त्याला शिकण्याची गरजच पडत नाहीं. त्याची कीर्ति होते, तालुक्याच्या वर्तमानपत्रांत छायाचित्र येतें. तीन वर्षांनीं बाकीचीं मुलें त्याच्या बरोबरीस येतात आणि त्याच्या हातांत कांहींच उरत नाहीं. उलट किरकोळ अंगाचा एखादा मुलगा, बळ नाहीं म्हणूनच, घोटा नेमका केव्हां धरावा हें शिकलेला असतो. परीक्षक या दोघांकडे पाहून पहिल्यास निवडतो. आमच्या मतें दुसऱ्याचा विचार आधीं व्हावयास हवा.

येथेंच मैदानाच्या मापाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. किशोर गटाचें मैदान आठ मीटर रुंद असतें, आणि कुमार व पुरुष गटाचें दहा मीटर. दोन मीटर म्हणजे फार नव्हे असें म्हणाल, तर स्वतः कोपऱ्यावर उभे राहून पाहा. अरुंद मैदानांत कोपऱ्यावरचा गडी आपल्या जागेवरून एक पाऊल टाकून मध्यभागापर्यंत पोहोंचतो. रुंद मैदानांत त्याच्या व मध्यरक्षकाच्या मध्यें खिंडार पडतें, आणि हुशार चढाईपटू नेमका त्या खिंडारांतून निसटतो. तेव्हां किशोर गटांतील पकडींची संख्या पाहून कोणी भविष्य सांगूं लागला तर त्यास विचारावें कीं या मुलास दहा मीटरच्या मैदानांत तुम्हीं कितीदां पाहिला?

आतां आंकड्यांविषयीं. हल्लीं प्रत्येक गड्याच्या पकडीच्या गुणांची नोंद होते व ती उपयुक्तही आहे. २०१८ सालीं नितेशकुमार या उजव्या कोपऱ्यावरच्या गड्यानें एका हंगामांत पकडीचे शंभर गुण मिळविले, तेव्हां या लीगमध्यें तो आंकडा कोणीं गांठलेला नव्हता. असा पराक्रम योगायोगानें होत नाहीं. परंतु कुमार वयाच्या मुलाच्या आंकड्यांत एक लबाडी दडलेली असते, ती त्या मुलाची नव्हे, नियमाची. मैदानांत तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असतां पकड झाली तर एक गुण अधिक मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात. आतां जो संघ दुबळा, त्याचे गडी वारंवार बाद होणार, मैदानांत तिघेच उरणार, आणि त्या तिघांतील कोपरेकऱ्यास अव्वल पकडीची संधि पुनःपुन्हां येणार. म्हणजे दुबळ्या संघांतील मुलाच्या नांवावर दुप्पट भावाचे गुण जमतात. बलवान संघांतील त्याच्याइतक्याच कुशल मुलास ती संधि क्वचित् मिळते. दोघांचे आंकडे शेजारीं मांडून तुलना करणें म्हणजे नदीच्या पुरांतील व उन्हाळ्यांतील पाण्याची तुलना करण्यासारखें आहे.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं उत्तम कोपरेकऱ्याच्या बाजूस चढाईपटू जातच नाहीं. तीस सेकंदांची चढाई. त्यांतील पंचवीस सेकंद तो दुसऱ्या बाजूस घिरट्या घालतो आणि परत फिरतो. नोंदवहींत त्या चढाईपुढें शून्य लिहिलें जातें. कोपरेकऱ्याच्या नांवावर कांहींच नाहीं. परंतु मैदानाचा तिसरा हिस्सा त्यानें हात न लावतां बंद करून ठेवलेला असतो. या शून्याची किंमत ज्याला कळली त्याला बचाव कळला, असें आम्ही समजतों. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या म्हणजे तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावाच लागतो, नाहींतर चढाईपटू बाद. त्या तिसऱ्या वेळीं जो पकड करतो त्याला टाळ्या पडतात. पहिल्या दोन चढाया ज्यानें रिकाम्या घालविल्या त्याचें नांव कोणी घेत नाहीं.

तर मग पाहावें काय? आम्ही प्रथम पाय पाहावे असें म्हणूं. चढाईपटूनें निदान रेषा ओलांडली कीं मुलगा चवड्यांवर येतो कीं टाचांवर बसतो? टाचांवर बसलेला गडी कितीही बळकट असला तरी तो उशिरांच पोहोंचणार. मैदानांत सहा किंवा सात रक्षक असतांना चढाईपटूस बोनस रेषा ओलांडून गुण घेतां येतो, म्हणून कोपरेकऱ्यास दोन परस्परविरुद्ध कामें एकदम करावीं लागतात. त्यानें मागें राहून बोनस राखावयाचा, आणि इतकें मागेंही राहावयाचें नाहीं कीं धरण्याची संधि आली असतां हात अपुरा पडावा. हें अंतर पुस्तकांतून शिकवितां येत नाहीं. ज्या मुलाचें अंतर प्रत्येक चढाईपटूगणिक बदलतें, उंच व लांब पायांच्या गड्यापुढें तो अर्धें पाऊल अधिक मागें सरतो, तो मुलगा विचार करीत आहे हें निश्चित समजावें.

नंतर डोळे. कच्चा रक्षक चढाईपटूच्या हातांकडे पाहतो, कारण हातच त्याला शिवणार असतात. हात फसवितात, खांदे फसवितात, चेहरा तर फसविण्यासाठींच असतो. कंबर सहसा फसवीत नाहीं. शरीराचा भार जिकडे जाणार तिकडे ती आधीं वळते. सरावांत एखाद्या मुलास चढाईपटूची कंबर पाहावयास सांगून बघावें. ज्याला आठवड्याभरांत तें साधतें त्याच्यावर कष्ट घेण्यासारखे आहेत.

तिसरी गोष्ट उतावळेपणा. चढाईपटूनें अद्याप कांहींच केलेलें नसतां जो आपण होऊन झेप घेतो, त्याची पकड साधली तर ती फार देखणी दिसते. प्रेक्षक उठून उभे राहतात. परंतु साधली नाहीं तर तो स्वतः बाद होतो आणि त्याच्या मदतीस जे धांवले व झटापटींत ज्यांचा चढाईपटूस स्पर्श झाला तेही बाद होतात. एका उडीपायीं तीन-तीन गडी बाहेर बसतात. म्हणून मुलाच्या यशस्वी पकडी मोजतांना फसलेल्या पकडीही मोजाव्या, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे त्या फसल्या तेव्हां आपल्याबरोबर त्यानें कितीजणांस नेलें तें मोजावें. मात्र एक अपवाद. सोळा वर्षांच्या मुलांत थोडा उतावळेपणा असावाच. जो कधींच झेप घेत नाहीं, एकही चूक करीत नाहीं, त्याच्याविषयीं आम्हांस अधिक शंका येते; तो संयमी आहे कीं भित्रा, हें ठरविण्यास मग दुसरें साधन लागतें. तें साधन म्हणजे फसलेल्या पकडीनंतरची त्याची पुढली चढाई. मैदानांत परत आल्यावर तो त्याच अंतरावर उभा राहतो, कीं एक हात मागें सरकतो?

सर्वांत शेवटीं, परंतु आमच्या दृष्टीनें सर्वांत आधीं, पाहावयाची गोष्ट म्हणजे दुसऱ्यानें धरलें असतां हा काय करतो. कोपरेकरी घोटा धरतो. परंतु घोटा धरून एकट्यानें चढाईपटू अडविणें क्वचित् साधतें. शेजारच्या मध्यरक्षकानें त्याच क्षणीं धडक दिली पाहिजे किंवा आडवें होऊन मध्यरेषेकडील वाट रोखली पाहिजे. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला तर लांब हाताचा चढाईपटू रेषा गांठतो. पुणेरी पलटणनें १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें हरयाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें. त्या हंगामांत शादलूनें डाव्या कोपऱ्यावरून पकडीचे ९९ गुण केले. परंतु ते त्याच्या एकट्याचे हात नव्हते. संकेत सावंत, अबिनेश नटराजन, गौरव खत्री हे तरुण त्याच्याभोंवतीं अशा रीतीनें हालत कीं चौघे एका दोरीनें बांधल्यासारखे दिसत. पुढल्या हंगामांत शादलू हरयाणाकडे गेला आणि २९ डिसेंबर २०२४ रोजीं आपल्या बालेवाडीसच हरयाणानें पाटणा पायरेट्सवर ३२-२३ असा विजय मिळवून विजेतेपद पटकाविलें. दोन हंगाम, दोन संघ, आणि कोपरा एकच. यावरून कोपऱ्याचें महत्त्व दिसतें हें खरें. परंतु नव्या शेजाऱ्यांशीं इतक्या थोड्या अवधींत सूर जुळविणें हा गुण पकडीच्या आंकड्यांत कोठेंच लिहिलेला नसतो, हेंही दिसतें.

महाराष्ट्राच्या मुलांनीं परक्यांच्याच कथा ऐकाव्या असें नव्हे. पुणेरी पलटणकडून खेळलेला गिरीश इर्नाक हा डाव्या कोपऱ्यावरचा आपलाच गडी, २०१८ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धेसाठीं भारतीय संघांत निवडला गेला होता. त्या स्पर्धेंत उपांत्य सामन्यांत इराणनें भारतास २७-१८ असें हरविलें. १९९० पासून ज्या देशानें प्रत्येक वेळीं सुवर्णपदक मिळविलें त्याला चाळीस मिनिटांत अठरा गुणांवर रोखलें, हें बचावाचेंच काम. आणि त्या इराणी बचावाच्या डाव्या कोपऱ्यावर फझल अत्राचली होता. त्याच वर्षीं यु मुंबा संघानें त्याला एक कोटी रुपयांस घेतलें होतें.

आतां निवडचांचणीची रीत पाहूं. शंभर-दीडशें मुलें सकाळीं मैदानावर येतात, छातीवर क्रमांक लावतात, आणि प्रत्येकाच्या वांट्यास फार तर दहा-पंधरा मिनिटांचा खेळ येतो. चढाई करणाऱ्यास तेवढा वेळ पुरतो. तो एकटाच खेळतो, त्याची चपळाई दोन चढायांत दिसून येते. बचाव करणाऱ्यास मात्र ज्यांचें नांवही ठाऊक नाहीं अशा सहा मुलांबरोबर उभें केलें जातें. साखळींत कोणाचा हात धरावयाचा, कोण आधीं झेपावणार, कोणाची सवय काय, कांहींच ठरलेलें नसतें. अशा स्थितींत जो मुलगा उतावळेपणानें एकटाच उडी घेतो तो परीक्षकाच्या डोळ्यांत भरतो, आणि जो शेजाऱ्याची वाट पाहतो तो अदृश्य राहतो. म्हणजे ज्या दोषासाठीं वगळावयाचें त्याच दोषासाठीं निवड होते! मुलें अनेक व वेळ थोडा. परीक्षकांस सर्वस्वीं दोष देतां येणार नाहीं. परंतु चांचणीच्या आधीं तासभर त्याच सात जणांस एकत्र सराव करूं द्यावा, आणि खेळ मातीवर न घेतां मॅटवर घ्यावा, एवढें तरी करतां येण्यासारखें आहे. मातीवर पाय थोडा घसरतो आणि घसरत्या पायावर साधलेली वेळ मॅटवर चुकते. गांवाकडच्या मुलास याचा पहिल्या दिवशीं फार त्रास होतो व त्याची परीक्षा तेथेंच आटोपते.

वजनाविषयीं एक इशारा द्यावयास हवा. वयोगटाच्या मर्यादेंत बसावें म्हणून चांचणीच्या आधीं दोन दिवस उपाशी राहण्याची, पाणीही न पिण्याची रीत कांहीं मुलांत आहे. अशा मुलास शेवटच्या पांच मिनिटांत पाहिलें तर तो थकलेला दिसतो आणि परीक्षक ‘दम नाहीं’ असा शेरा मारतो. दम असतो, पोटांत अन्न नसतें. कोपरेकऱ्याच्या गुडघ्यांवर व घोट्यांवर आधींच मोठा ताण पडतो. उपाशी शरीरानें तो ताण सोसावयास लावणें हा खेळ नव्हे, आणि शिक्षकांनीं तें चालूं देऊं नये.

या सर्वांवरून आमचें मत असें झालें आहे कीं बचाव करणाऱ्या मुलाविषयीं सतराव्या वर्षीं कायमचा निकाल देऊं नये. पुढें ज्यांनीं नांव काढलें त्यांस लोकांनीं ओळखलें तें सामन्यामागून सामने पाहून. तोंवर मुलाचा अभ्यास चालू राहावा, तो सोडून शिबिरास जाण्याची घाई होऊं नये. निवड करणाऱ्यांनीं एका सकाळऐवजीं निदान दहा सामने पाहावे. आणि ते पाहण्यास त्यांना सवड नसेल, तर तें काम आपल्या शाळांतील मुलांनींच हातीं घ्यावें असें आम्ही सुचवितों. येत्या हिंवाळ्यांत आंतरशालेय सामने होतील, तेव्हां गुणलेखकाच्या शेजारीं आणखी एक विद्यार्थी वही घेऊन बसवावा. त्यानें गुण लिहूं नयेत. कोपऱ्यावरच्या एकाच मुलाकडे पाहावें आणि प्रत्येक चढाईपुढें लिहावें: चढाईपटू त्याच्या बाजूस आला कीं नाहीं; आला तर बोनस गेला कीं राखला; त्यानें झेप घेतली ती चढाईपटूच्या आधीं कीं नंतर; दुसऱ्यानें धरलें तेव्हां हा पोहोंचला काय; आणि पकड फसली तर त्याच्याबरोबर कितीजण बाहेर गेले. मैदानांत त्या वेळीं किती रक्षक होते हा आंकडा समासांत अवश्य टिपावा, नाहींतर अव्वल पकडींचा घोळ पुन्हां होईल. दहा सामन्यांची अशी वही एखाद्या मुलाच्या नांवें तयार झाली, तर तो बालेवाडीस जाईल तेव्हां ती त्यानें बरोबर न्यावी आणि परीक्षकांपुढें ठेवावी.